ॲक्रोपोलिसला मराठीत काय म्हणावं : गिरिदुर्ग, नगरदुर्ग की बालेकिल्ला?

प्रश्न : प्राचीन ग्रीसवरचा एक लेख मराठीत करतेय. त्यात 'ॲक्रोपोलिस', म्हणजे ग्रीक शहराच्या माथ्यावरची तटबंद टेकडी, पानोपानी येतं, आणि एकट्या अथेन्सचं नाही. कॉरिंथचं, थीब्जचं, पर्गमॉनचंही. 'गिरिदुर्ग' लिहावं तर खाली शहर आहे हे कळत नाही. 'नगरदुर्ग' वाचताना कोशातला वास येतो. 'बालेकिल्ला' म्हटलं की निवडणुकीची बातमी डोळ्यापुढे येते. काय लिहू? की मूळ शब्दच ठेवू?

उत्तर : बालेकिल्ला बिनधास्त वापरा. फारसीत 'बाला' म्हणजे वरचा. काबूलचा बाला हिसार याच घडणीचा. ग्रीकमध्येही 'आक्रोस' म्हणजे टोकाचा, सगळ्यांत वरचा, आणि पुढे 'पोलिस', म्हणजे शहर. 'वरचा' म्हटलं की खाली काहीतरी असणार हे दोन्हीकडे गृहीत आहे. गिरिदुर्ग एकटा उभा राहू शकतो, बालेकिल्ल्याला खालचा तट आणि वस्ती लागते.

(लेखात नुसतं 'पोलिस' मात्र टाळा, वाचकाला खाकी वर्दी दिसेल. तसा तो शब्दही याच घराण्यातला आहे म्हणा.)

आता गंमत अशी की मुळात 'पोलिस' हेच टेकडीचं नाव होतं. इ.स.पू. पाचव्या शतकातला इतिहासकार थ्युसिडिडीज सांगतो, की जुन्या काळी अथेन्स म्हणजे ही टेकडी आणि तिचा मुख्यतः दक्षिणेकडचा पायथा, एवढंच होतं. म्हणून अथेन्सचे लोक अजून तिला 'पोलिस'च म्हणतात. त्या काळच्या शिलालेखांतही ठराव 'पोलिसवर' उभारल्याचे उल्लेख सापडतात, आणि तिथे अर्थ ॲक्रोपोलिस असाच घ्यायचा असतो. खालच्या वस्तीला 'आस्तु' हा वेगळा शब्द होता. पुढे वस्ती पसरली, 'पोलिस' अख्ख्या शहराला लागू झाला, आणि टेकडीला ओळखायला 'वरचा' हे विशेषण जोडावं लागलं.

वस्ती खाली का पसरली, हे टेकडीच सांगते. उंची समुद्रसपाटीपासून सुमारे 156 मीटर, माथा जेमतेम 3 हेक्टर. इ.स.पू. तेराव्या शतकात तिच्याभोवती प्रचंड दगडांचा तट बांधला. इतके मोठे दगड माणसाने रचलेच नसतील असं वाटून पुढच्या ग्रीकांनी अशा तटांचं श्रेय सायक्लोप्स राक्षसांना दिलं. पण वेढा पडला तर पाणी कुठून आणायचं? उत्तर बाजूला कड्यात एक नैसर्गिक भेग आहे. तिच्यात लाकडाच्या आणि दगडाच्या पायऱ्या बसवून, तटाबाहेर पाऊल न टाकता, तीसेक मीटर खोल पाण्यापर्यंत उतरायची सोय केली होती. अंधारात घागर घेऊन तेवढं उतरायचं आणि भरलेली घेऊन वर यायचं! पंचवीसेक वर्षांत ही वाट बंद पडली असा पुरातत्त्वज्ञांचा अंदाज आहे. रोजचं जगणं असं चालत नाही. शेतं, झरे, रस्ते, बाजार सगळं खाली. वर जायचं ते संकट आलं की. अथेन्सचा बाजारचौक, म्हणजे अगोरा, टेकडीच्या वायव्येला सपाटीवर आहे तो उगाच नाही.

इ.स.पू. 480 मध्ये इराण्यांनी टेकडीवरची देवळं जाळली. त्यानंतर अथेन्सचा पुढारी थेमिस्टोक्लीज याच्या पुढाकाराने खालच्या शहरालाच तट घातला गेला. राखणीचं काम त्या तटाकडे गेलं आणि टेकडी देवांची झाली. टेकडीवरचं पार्थेनॉन हे अथीना देवीचं देऊळ त्यानंतरचं, इ.स.पू. 447 मध्ये सुरू झालेलं.

शंका : मग अथेन्सपुरतं 'बालेकिल्ला' चुकीचंच नाही का? वर राजा नाही, फौज नाही, देऊळ आहे. आणि निवडणुकीचा अर्थ मलाही खटकतो.

उत्तर : पार्थेनॉनच्या काळाबद्दल बोलत असाल तर मुद्दा बरोबर. तिथे ॲक्रोपोलिसच ठेवा. पण निवडणुकीच्या अर्थाला एवढं दचकायचं कारण नाही, तो या विषयाला शोभून दिसतो. ॲरिस्टॉटल 'पॉलिटिक्स'मध्ये म्हणतो, की बालेकिल्ला मूठभरांच्या सत्तेला आणि राजेशाहीला सोयीचा, सपाट जागा लोकशाहीला. हे नुसतं तत्त्वज्ञान नव्हे. पिसिस्ट्रॅटसने अथेन्सची सत्ता बळकावली तेव्हा आधी ॲक्रोपोलिसचा ताबा घेतला होता. थीब्जच्या ॲक्रोपोलिसला कॅडमिया म्हणत, इ.स.पू. 382 मध्ये स्पार्टाने ती घेतली आणि तिथे शिबंदी बसवली, तर सगळं शहर 379 पर्यंत मुठीत राहिलं. लोक ज्या टेकडीच्या आश्रयाला जात, तीच दुसऱ्याच्या हाती पडली की खालच्यांच्या उरावर बसे. कुणाचा बालेकिल्ला, हा प्रश्न तेव्हाही होताच की.

शंका : 'आक्रो' म्हणजे आपलं 'अग्र' का? आणि स्लाव्ह भाषांतलं 'ग्राद' म्हणजे गड? बेलग्राद वगैरे.

उत्तर : दोन्हीकडे मोह होतो, पण नाही. 'आक्रोस'चं नातं संस्कृत 'अश्रि'शी, म्हणजे धार, कोपरा. त्यावरून चतुरश्र, आणि त्यावरून आपला चौरस. म्हणजे ॲक्रोपोलिसचा भाऊबंद मराठीत शोधायचा तर तो चौरसात सापडेल! 'ग्राद'चा भाऊ 'गृह'. मूळ अर्थ कुंपण घातलेली जागा, मग तटबंदी, मग शहर.

'पोलिस'चं नातं 'पुर्'शी जोडतात. ऋग्वेदात पुर् म्हणजे तटबंदी, म्हणून ती फोडणारा इंद्र पुरंदर. नंतरच्या संस्कृतात पुर म्हणजे सरळ शहर. लिथुएनियन भाषेत मात्र 'पिलिस' अजून किल्लाच आहे, तो शब्द टेकडीवरून उतरलाच नाही.

किल्ल्यावरून शहराकडे यायची ही वाट बऱ्याच भाषांनी धरली. जर्मन 'बुर्ग' म्हणजे किल्ला, त्यावरून 'ब्युर्गर' म्हणजे नागरिक. केल्टिक 'दून' म्हणजे तटबंदी, आणि इंग्रजी 'टाउन' त्याच कुळातला. दूनचं एक उदाहरण फार आवडतं. गॉलमधल्या (म्हणजे साधारण आजच्या फ्रान्समधल्या) एडुई या केल्टिक लोकांचं बिब्राक्ट हे ठाणं 800 मीटरच्या आसपास उंचीच्या डोंगरावर होतं. इ.स.पू. 52 च्या मोहिमेनंतर सीझरने तिथे हिवाळा काढला. पुढे ऑगस्टसच्या काळात सगळा पसारा पंचवीसेक किलोमीटरवर खाली हलला, आणि नव्या रोमन शहराचं नाव पडलं ऑगस्टोदूनुम, म्हणजे ऑगस्टसचा किल्ला. आजचं ओतँ ते हेच. डोंगर सुटला तरी नावातला किल्ला सुटला नाही.

इटालियनने उलटी चाल केली : 'चित्ताद्देल्ला', छोटं शहर, म्हणजे किल्ला! इंग्रजी 'सिटाडेल' तिथून आलं.

मूळ प्रश्नकर्ती : चौरस भारीच. मग कॉरिंथ आणि पर्गमॉनला काय करू? सगळीकडे एकच शब्द लावू का?

उत्तर : नका लावू. कॉरिंथचा डोंगर 575 मीटरचा, शहर पार खाली, वर स्वतःचा झरा, तट, शिबंदी. त्याचं 'आक्रोकॉरिंथ' हे नाव तसंच ठेवा, पण वर्णनात 'गिरिदुर्ग' खुशाल लिहा, तिथे तो शोभतो. पर्गमॉनला राजवाडे, ग्रंथालय आणि देवळं माथ्यावर, नाट्यगृह उतारावर, घरंही उतारावरच. रोमन काळात शहर सपाटीवर पसरलं. तिथे 'वरचं शहर' आणि 'खालचं शहर' एवढं साधं पुरेल. थीब्जला बालेकिल्लाच. 'नगरदुर्ग' कुठेच नको; तो शब्द वाचून कळतो, पण बोलताना कुणी वापरल्याचं ऐकलं नाही.