मदत हवी आहे: एकच पेनड्राईव्ह, विंडोज म्हणते साफ अन् लिनक्स म्हणते ३ व्हायरस

राम राम मंडळी. आर्वी तालुक्यातल्या एका गावात माझं झेरॉक्स अन् ऑनलाईन फॉर्मचं दुकान आहे. पीक विमा अन् अ‍ॅडमिशनचे दिवस आले की दिवसाला पंधरा-वीस पेनड्राईव्ह येतात, कोणाच्या पेनड्राईव्हमध्ये काय भरलं असेल देवाले माहीत. मागं एकदा काउंटरच्या कॉम्प्युटरवर तो शॉर्टकटवाला व्हायरस घुसला, फोल्डरच्या जागी नुसते शॉर्टकट, एका पोट्टीच्या जातीच्या दाखल्याचा स्कॅन त्याच्यातच होता, तिच्या बाबांनी दुकानात येऊन जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही. डेटा गेला नव्हता म्हणा, हिडन झाला होता, अ‍ॅट्रिब कमांडनं परत आणला.

तेव्हापासून क्लॅमएव्ही नावाचा अँटिव्हायरस वापरून राहिलो. फुकट आहे अन् विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हीवर चालते. काउंटरवर विंडोज १०, मागच्या जुन्या डब्यावर लिनक्स मिंट (रॅम २ जीबी, हसू नका), अन् शेजारच्या फोटो स्टुडिओवाल्या भाऊचा मॅक, त्यालेही मीच लावून देतो म्हणून बसलो.

काल एकच पेनड्राईव्ह दोन्हीकडे लावला. विंडोजवर क्लॅमस्कॅन (त्याची तपासायची कमांड), मायनस आर, मायनस आय (म्हणजे आतले फोल्डरही पाहा अन् फक्त सापडलेल्या फाइली दाखव), खाली आलं इन्फेक्टेड शून्य. लिनक्सवर तीच कमांड तर ३. प्रोग्राम एकच ना, मग असं काहून? दुसरं म्हणजे लिनक्सवर फ्रेशक्लॅम (व्हायरसची यादी अपडेट करणारी कमांड) हातानं चालवलं की लॉग फाइल लॉक होत नाही म्हणून एरर येते, मॅकवर तर कॉन्फिग फाइलच सापडत नाही म्हणते, अन् त्या डब्यावर एवढीशी फाइल तपासायची तरी चहा पिऊन होते तोवर सुरूच. कमांडा मराठीतच लिहिल्या, मोबाईलवर कीबोर्ड बदलायचा कंटाळा येते.

प्रतिसाद:
दादा, दोन्हीकडे क्लॅमस्कॅन मायनस मायनस व्हर्जन मारा. व्हर्जनच्या पुढं डेटाबेसचा, म्हणजे व्हायरस ओळखायच्या यादीचा, नंबर अन् तारीख येते, ती पाहा. विंडोजवर स्कॅन सुरू होताना डेटाबेस ७ दिवसांपेक्षा जुना आहे अशी वॉर्निंग येते का?

धागाकर्ता:
पाह्यलं. विंडोजची तारीख दिवाळीच्या आधीची! वॉर्निंगही येते, पण वर सरकून जाते म्हणून कधी दिसलीच नाही. आता आठवलं, तिथं फ्रेशक्लॅम चालतच नव्हतं म्हणून वर्ध्याच्या दोस्ताकडून डेटाबेसच्या फाइली आणून टाकल्या होत्या.

प्रतिसाद:
मग झालं की, यादीच जुनी म्हणून विंडोजवर शून्य आलं. विंडोज अन् मॅक दोन्हीचं दुखणं एकच. फ्रेशक्लॅमच्या कॉन्फिगची नमुना म्हणून दिलेली सॅम्पल कॉन्फ फाइल कॉपी करून नावातलं सॅम्पल काढायचं, अन् आत वरच्या बाजूला 'एक्झाम्पल' अशी एकटी ओळ आहे तिच्यापुढं हॅशचं चिन्ह (#) टाकायचं. ती ओळ आहे तोवर फ्रेशक्लॅम पुढं सरकतच नाही, मुद्दाम ठेवली आहे, माणसानं फाइल एकदा उघडून तरी पाहावी म्हणून. विंडोजवर नोटपॅड मागून गुपचूप टीएक्सटी लावते, त्यात मी एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे. मॅकवर टर्मिनलला फुल डिस्क अ‍ॅक्सेस द्या, नाहीतर बरेच फोल्डर परवानगी नाही म्हणून सुटतात.
लिनक्सची एरर सोडून द्या. तिथं फ्रेशक्लॅमची सर्व्हिस आधीच मागं चालू आहे, ती स्वतःच अपडेट करते, म्हणून तर तिथला डेटाबेस ताजा होता.

प्रतिसाद:
चहाचं कारण सांगतो. क्लॅमस्कॅन दर वेळी सगळा डेटाबेस नव्यानं रॅममध्ये भरते, फाइल एक असो की हजार. क्लॅमडी (क्लॅमएव्हीचा मागं चालू राहणारा भाग) चालू ठेवलं तर तो भरलेलाच राहतो, पण त्याला एकट्याला १ जीबीच्या वर रॅम लागते, तुमच्या डब्यावर नको. चार पेनड्राईव्ह जमू द्या अन् एकाच कमांडमध्ये चौघांचे पाथ द्या. अन् भाऊ, रिमूव्हचा ऑप्शन चुकूनही देऊ नका, लोकांचे कागद आहेत. मूव्ह द्या, वेगळ्या फोल्डरमध्ये पडू द्या. विंडोजचा डिफेंडरही बंद करू नका, क्लॅमस्कॅन आपण चालवलं तेव्हाच पाहते, नंतर पहारा देत नाही.

धागाकर्ता:
एक्झाम्पलवाली ओळच होती राजेहो! फ्रेशक्लॅम चाललं, आता विंडोजवरही ३ दाखवते. दोन त्याच शॉर्टकटवाल्या आहेत, तिसरी मात्र गणपती मंडळाच्या वर्गणीची एक्सेल निघाली, मॅक्रो (फाइलीत लपलेला छोटा प्रोग्राम) आहे तिच्यात. खरंच व्हायरस आहे का उगाच पकडली हे कसं पाहू?

प्रतिसाद:
व्हायरसटोटल या साईटवर पाहा, तिथं एकच फाइल बऱ्याच अँटिव्हायरसनं तपासून मिळते, पण फाइल चढवू नका, लोकांची नावं अन् नंबर असतील, चढवलेली फाइल दुसऱ्यांनाही मिळू शकते. विंडोजवर सर्टयुटिल कमांडनं फाइलचा हॅश (वरचं चिन्ह नव्हे, फाइल ओळखायचा लांबलचक कोड) काढा अन् फक्त तो टाकून शोधा.

धागाकर्ता:
बरं झालं सांगितलं, चढवणारच होतो. तोवर मंडळाच्या अध्यक्षाले सांगतो की यादी तपासणीत आहे, आधीच हिशोबावरून गावात कुजबुज सुरू आहे. लाईन गेली आता, मॅकचं उद्या पाहतो.