बुटका, पोट सुटलेला पेशंट: आरएआरपीचे (रोबोटने प्रोस्टेट काढण्याच्या शस्त्रक्रियेचे) पोर्ट, म्हणजे हत्यारं आत घालायच्या नळ्या, कुठे घ्यायचे?

मिरज_युरो: दा विंची एक्सआय रोबोटवर प्रोस्टेटेक्टमी ठरली आहे. पेशंट शिराळा भागातला, उंची 156 सेंमी, बीएमआय 31. उजवीकडे जुन्या ओपन अपेंडिक्सचा व्रण. झोपवून मोजलं तर सिम्फिसिस (जांघेच्या हाडांचा पुढचा सांधा) ते बेंबी 12 सेंमी, दोन्ही एएसआयएसमध्ये (कमरेच्या हाडाची पुढची टोकं) सरळ अंतर 24. ठरलेल्या आकृतीप्रमाणे कॅमेरा बेंबीच्या वर लगेच आणि पोर्ट 8-8 सेंमीवर घेतले तर कडेचे दोन हाडावर जातील असं वाटतंय. अंतर कमी करू की कॅमेरा वर नेऊ?

सातारा_रोबो: दोन्ही करा, पण आधी बेंबी विसरा. सुटलेल्या पोटात ती खाली ओघळते, खूण म्हणून तिचा उपयोग नाही. सिम्फिसिसच्या वरच्या कडेपासून 15 ते 18 सेंमीवर कॅमेरा घ्या. तुमच्या पेशंटला बेंबीच्या साधारण 3-6 सेंमी वर येईल. कॅमेरा फार खाली आला तर मूत्राशय पोटाच्या पुढच्या भिंतीपासून सोडवताना तो भाग नीट दिसत नाही. उलट उंच माणसात फार वर गेलात तर अ‍ॅनास्टोमोसिसच्या (मूत्राशय मूत्रमार्गाला जोडण्याच्या) वेळी मूत्रमार्गाच्या टोकाशी हत्यार पोचत नाही.

खुणा मात्र गॅस भरल्यावरच करा. 15 मिमी एचजीला पोट फुगवा, मग टेप पोटावरून फिरवा. त्वचेवरचं अंतर वाढलेलं दिसेल, ते 24 सरळ रेषेतलं आहे, फुगलेल्या पोटावरचं नाही. पोर्ट लागले की दाब 12 वर आणा.

एक्सआयला 8 सेंमी उत्तम, 7 चालतात, 6 च्या खाली जाऊ नका. बाहेर रोबोटचे हात एकमेकांवर आपटतील. एसआयवर (आधीच्या मॉडेलवर) एवढ्या जवळ निभत नाही. कॅमेऱ्याच्या रेषेत डावीकडे दोन आणि उजवीकडे एक 8 मिमी पोर्ट, उजव्या टोकाला असिस्टंटचा 12 मिमी. कडेचे दोन्ही एएसआयएसपासून किमान 2 सेंमी लांब ठेवा. हाडाला टेकला की पोर्टला फिरायला जागाच राहत नाही.

कृष्णाकाठ: सहमत, फक्त क्रम बदलेन. अपेंडिक्सच्या व्रणाखाली सीकम (मोठ्या आतड्याची सुरुवात) चिकटलेलं असू शकतं, त्यामुळे पहिला प्रवेश व्रणापासून दूर, मग डावे पोर्ट, आणि उजवीकडचे कॅमेऱ्याने आतून बघूनच. चिकटलेलं दिसलं तर आधी लॅपरोस्कोपीच्या कात्रीने सोडवा. रेक्टसच्या (पोटाच्या उभ्या स्नायूच्या) कडेला इन्फिरियर एपिगॅस्ट्रिक रक्तवाहिनी आतून पाहून टाळा. जाड भिंतीत टॉर्च लावून ती दिसेल या भरवशावर राहू नका.

ओटी_सिस्टर: सर, बीएमआय 31 आहे तर लांब 8 मिमी कॅन्युला (पोर्टची नळी) टेबलवर काढून ठेवायला सांगा. तिच्यावरचा जाड काळा पट्टा स्नायूच्या पातळीत यायला हवा, आतून पुढची बारीक रेषच दिसली पाहिजे. पट्टा चरबीत राहिला तर रिमोट सेंटर (हात ज्या बिंदूभोवती फिरतो तो) चुकतं, हात हलला की भिंत ताणली जाते, छिद्र मोठं होतं, मग गॅस गळतो नाहीतर त्वचेखाली पसरतो. ट्रोकारही (भिंत भेदून पोर्ट आत नेणारं हत्यार) त्वचेला काटकोनात घाला. तिरका गेला की तो सतत भिंतीशी झगडत राहतो. ट्रेंडेलेनबर्ग (डोकं खाली, पाय वर) 25-30 अंश डॉकिंगच्या, म्हणजे रोबोटचे हात पोर्टना जोडण्याच्या आधी, आणि डॉकिंग झालं की प्रत्येक कॅन्युला थोडी वर उचलून भिंतीवरचा ताण सोडा. हे घाईत हमखास राहतं.

मिरज_युरो: कळलं. कॅमेरा सिम्फिसिसपासून 16 वर, पोर्ट 7-7 वर. असिस्टंटला सक्शनसाठी 5 मिमी कुठे देता?

सातारा_रोबो: कॅमेरा आणि रोबोटच्या उजव्या हाताच्या पोर्टच्या मध्ये, पण दोघांच्या रेषेपेक्षा 4-5 सेंमी वर, म्हणजे त्रिकोण होईल. एकाच रेषेत दिला तर असिस्टंटची मूठ रोबोटच्या हातांत अडकते. तुमच्या पेशंटला फासळ्यांची कड जवळ असेल, तिच्याखाली बोटभर जागा ठेवा. आणि कॅमेऱ्याचा छेद उभाच घ्या, स्पेसिमेन (कापलेली प्रोस्टेट) बाहेर काढायला तोच वाढवता येतो. तो छेद आणि 12 मिमीचा पोर्ट, दोन्हींचा फॅशिया (स्नायूवरचा मजबूत पडदा) शिवा.