उत्तर: टेक्नेशियम पोचतं कसं?
वर एकांनी विचारलंय की टेक्नेशियम-९९एम (स्कॅनसाठी शरीरात सोडतात ते किरणोत्सारी द्रव्य) ६ तासांत निम्मं होतं, तर ते स्कॅनसाठी हॉस्पिटलपर्यंत पोचतं कसं? अहो, ते आणतच नाहीत! आणतात त्याची आई, मॉलिब्डेनम-९९, जिच्यातून टेक्नेशियम आपोआप तयार होत राहतं. तिचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं व्हायला लागणारा वेळ, ६६ तास, प्रवासाला पुरेसं. शिशाच्या जाड आवरणात ॲल्युमिना (ॲल्युमिनियम ऑक्साइडची पूड) भरलेली छोटी नळी, त्यात मॉलिब्डेनम धरून ठेवलेलं. वरून सलाइन सोडलं की तयार झालेलं टेक्नेशियम तेवढं त्यासोबत निघून येतं, मॉलिब्डेनम जागचं हलत नाही. दिवसभरात पुन्हा साठतं, म्हणून रोज सकाळी धार काढायची. या यंत्राला गमतीने 'गाय' म्हणतात ते उगीच नाही. आठवड्यात मात्र गाय आटते: सात दिवसांनी मॉलिब्डेनम जेमतेम १७ टक्के उरतं.