मदत हवी आहे: युव्हिआयटिस स्टिरॉइड कमी करताच उलटतो

नमस्कार मंडळी. बहिणीला दोन्ही डोळ्यांत पॅनयुव्हिआयटिस (डोळ्याच्या आतल्या सगळ्या भागांना सूज) आहे, संसर्गाचा नाही. प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडचा डोस जरा उतरवला की डोळे पुन्हा लालबुंद, उजेड सहन होत नाही, समोर काळे ठिपके तरंगतात. मेथोट्रेक्सेट (प्रतिकारशक्ती आवरणारं औषध) चालू आहे, पण गुण यथातथाच. त्यात स्टिरॉइडमुळे डोळ्यांतला दाबही वाढलाय. आता डॉक्टर अ‍ॅडॅलिमुमॅब सुचवतायत (सूज वाढवणारं एक प्रथिन रोखणारं इंजेक्शन): आधी 80 मिग्रॅ, आठवड्याने 40, मग दर दोन आठवड्यांनी 40. त्याआधी क्षयरोग आणि हिपॅटायटिस बीची तपासणी करणार, ते पटलं. कोणी हे इंजेक्शन घेतलंय का? स्टिरॉइड खरंच सुटलं का? मेथोट्रेक्सेट सोबत चालूच ठेवावं लागलं का? आणि घरगुती उपाय कृपया सुचवू नका, डोळ्यांशी खेळ नको.