विषय: आईंच्या श्रद्धांजली सभेसंबंधी

प्रेषक: मंडळाच्या सचिव

सप्रेम नमस्कार.

आपल्या मातोश्री वसईला देवाघरी गेल्याचे कळल्यापासून मंडळात सर्वांनाच हळहळ वाटते आहे. येत्या रविवारी सभागृहात एक छोटी श्रद्धांजली सभा घ्यावी, असा विचार आहे. मात्र ख्रिस्ती कुटुंबासमोर काय बोलावे, फोटोला हार घालावा का, समई लावलेली चालेल का, हे आमच्यापैकी कोणालाच नीटसे ठाऊक नाही. अजाणतेपणी आपले मन दुखावले जाऊ नये, एवढ्यासाठीच विचारते आहे. इतरांनाही कळावे म्हणून सर्वांना लिहिले आहे.

---

प्रेषक: वसईचे सभासद

आदरणीय सचिवताई आणि मंडळी,

आपण विचारलेत, याचे मोल माझ्या दृष्टीने फार आहे. हार अवश्य घाला आणि समईही लावा. आमच्या वाडीत सोनचाफा आहे. त्याच्या फुलांशिवाय आईने घरातला एकही सण होऊ दिला नाही.

आमच्याकडे मरणाची तयारी मरणाऱ्या माणसाने स्वतः आणि साऱ्या गावाने मिळून करायची असते, हे मी यावेळी प्रथमच पुरते पाहिले. दुखणे वाढल्यावर फादरांना बोलवावे की नाही, यावर आम्ही भावंडे आठवडाभर घुटमळत राहिलो. पूर्वी रुग्णाला पवित्र तेल लावण्याच्या या संस्काराला 'अंतिम अभ्यंग' म्हणत, त्यामुळे फादर तेल घेऊन दारात आले की आता सारे संपले, अशी समजूत जुन्या घरांत अजून टिकून आहे. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 मध्येच सांगितले होते की हा रुग्णांचा संस्कार आहे आणि तो अगदी शेवटच्या घटकेसाठी राखून ठेवू नये. पण भीती काही परिषदेच्या ठरावाने जात नाही. अखेर आईनेच विचारले, "फादरांना निरोप धाडला का? की मी घाबरेन म्हणून तुम्हीच घाबरलात?" फादरांनी तिच्या कपाळाला आणि तळहातांना तेल लावले, तेव्हा शेजारपाजारचे पंधरा-वीस जण ओटीवर उभे राहून प्रार्थना म्हणत होते. त्यानंतर तिने ट्रंक उघडायला लावली. आत घडी करून ठेवलेले लाल लुगडे होते. ते नेसवायचे, हे तिने वडील गेले त्याच वर्षी ठरवून ठेवले होते.

ती पहाटे गेली. चर्चची घंटा संथपणे वाजू लागली आणि आळीतली दारे एकेक करून उघडली. कोणालाही निरोप द्यावा लागला नाही. कोणी खुर्च्या आणल्या, कोणी चहाचे पातेले चढवले. आमच्या चुलीला त्या घरांनी तीन दिवस विस्तव लागू दिला नाही. रोज संध्याकाळी घरी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, होत असे, आणि ज्यांच्याशी बांधावरून आमचे वर्षानुवर्षे बोलणे नव्हते ते काकाही पहिल्याच संध्याकाळी येऊन दाराशी गुडघे टेकून बसले.

एक गोष्ट लिहावी की नाही, असा विचार करत होतो, पण लिहितो. आईला वडिलांच्याच कबरीत ठेवले. आमच्या दफनभूमीत जागा थोडी असल्यामुळे काही वर्षांनी तीच कबर पुन्हा उघडतात. खणताना वडिलांची हाडे निघाली. खणणाऱ्याने ती हाताने एकेक वेचली, मातीचे कण पुसून पांढऱ्या कापडात बांधली आणि मला विचारले, "पायाशी ठेवू का?" मी मान हलवली. मातीला माती मिळते, हे वाक्य मी दर राखेच्या बुधवारी, म्हणजे आमच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, कपाळावर राख घेताना ऐकत आलो होतो. त्या गाठोड्याकडे पाहताना ते मला पहिल्यांदा कळले, आणि नवल म्हणजे भीती वाटली नाही.

चर्चमधल्या मिस्साच्या, म्हणजे उपासनेच्या, वेळी शवपेटीजवळ पास्काची मेणबत्ती तेवत होती. ती ईस्टरच्या आदल्या रात्री, अंधारलेल्या चर्चबाहेर पेटवलेल्या अग्नीतून उजळलेली असते, आणि बाप्तिस्म्याच्या वेळी हातात घेतलेली ज्योतही हिच्यावरूनच पेटवतात. पेटीवर शिंपडतात ते पाणीही त्याच बाप्तिस्म्याची आठवण म्हणून. म्हणजे आईचा शेवटचा संस्कार तिच्या पहिल्या संस्काराची खूण घेऊन आला. आमची आशा म्हणतात ती हीच: येशू मरणातून उठला, म्हणून त्याच्यात निजलेलेही उठतील.

तरीही एक विनंती आहे. रविवारी माझी बहीण येणार आहे. तिला कोणीही "रडू नका, त्या सुटल्या" असे म्हणू नये. मेलेला मित्र लाजार याला आपण आता उठवणार, हे ठाऊक असूनही येशू त्याच्या कबरीकडे जाताना रडला, असे बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या 11व्या अध्यायात आहे. येशूचा प्रेषित पौल यानेही थेस्सलनीका शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला शोक करू नका असे लिहिले नाही. आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका, असे लिहिले. आशा असलेला माणूसही रडतोच, आणि त्याला रडू द्यावे. त्याऐवजी आई इथे आली होती तेव्हा ज्यांनी तिच्या हातचे खाल्ले, तिचे बोलणे ऐकले, त्यांनी तेवढेच सांगावे. आपण 'शांती लाभो' म्हणता, तेच आम्हीही मागतो. त्याच्या जोडीला न मावळणारा प्रकाश मागतो.

2 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, आमच्या गावी प्रत्येक कबरीवर फुले आणि मेणबत्त्या असतात, आणि संध्याकाळी सारी दफनभूमी उजळलेली असते. त्या दिवशी मी इथे असेन. मंडळातल्या कोणाला माझ्यासोबत एक मेणबत्ती लावावीशी वाटली, तर मला फार बरे वाटेल.

---

प्रेषक: मंडळाच्या सचिव

आपले पत्र समितीत वाचून दाखवले. सोनचाफा इथे मिळत नाही. पांढऱ्या शेवंतीचा हार करू. समईशेजारी आपली मेणबत्ती ठेवू आणि ती आपल्या बहिणीने पेटवावी. भाषणे ठेवलेली नाहीत. गुहागरच्या काकूंनी आपल्या आईंकडून केळी सुकवायची रीत लिहून घेतली होती. ती वही घेऊन त्या येणार आहेत. 2 नोव्हेंबरसाठी आतापर्यंत अकरा जणांनी नावे दिली आहेत. किती वाजता आणि कुठे जमायचे, ते कळवावे.