मूकपट म्हणजे फक्त देवादिकांच्या कथा?

वर एकांनी लिहिलंय की मूकपटांच्या काळात पौराणिक कथांपलीकडे आपल्याकडे काही झालंच नाही. बाबूराव पेंटरांचा १९२५ चा ‘सावकारी पाश’ विसरून कसं चालेल? सावकाराच्या कर्जात शेत गमावलेला शेतकरी शहरात जाऊन गिरणीकामगार होतो, एवढीच गोष्ट. तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम होते.

मी अमळनेरकडचा, घरी कपाशीची शेती. आमच्या आजोबांचं चार बिघे रान असंच गहाणात गेलं, परत आलं नाही. आजी मरेपर्यंत त्या बांधावरून जाताना पदर डोळ्याला लावायची. म्हणून या चित्रपटाबद्दल वाचलं तेव्हा गळा दाटून आला. देवांचे चमत्कार पाहायला गर्दी जमत होती, त्या काळात या माणसाला कुणब्याचं दुःख पडद्यावर आणावंसं वाटलं!

आणि हे पेंटर मूळचे कोल्हापूरचे चित्रकार, नाटकांचे पडदे रंगवणारे. विलायती कॅमेऱ्यावर न विसंबता त्यांनी कोल्हापुरातच कॅमेरा घडवला आणि त्यावर १९२० साली ‘सैरंध्री’ काढला. म्हणजे पौराणिक कथा त्यांनीही केल्याच, पण तिथेच थांबले नाहीत. बोलपट आल्यावर १९३६ मध्ये ‘सावकारी पाश’ त्यांनी पुन्हा केला, या वेळी आवाजासकट.