मदत हवी आहे: पास इंटरफिअरन्स नेमका कधी धरतात?
नमस्कार मंडळी. लेकासोबत एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची लीग) बघते, पण पास इंटरफिअरन्सपाशी, म्हणजे पास झेलू पाहणाऱ्याला अडवण्याच्या फाउलपाशी, गाडी अडते. डिफेन्सने (बचाव करणाऱ्या संघाने) केला तर चेंडू थेट फाउलच्या जागी, वर फर्स्ट डाउन (म्हणजे पुढे सरकायला नव्याने चार प्रयत्न). एंड झोनमध्ये (गोल रेषेपलीकडच्या पट्ट्यात) केला तर त्या रेषेपासून 1 यार्डावर. ऑफेन्सने (चेंडू ताब्यात असलेल्या संघाने) केला तर मात्र फक्त 10 यार्ड मागे. कॉलेज फुटबॉलमध्ये डिफेन्सला जास्तीत जास्त 15 यार्डांचा दंड. इतकं कळलं.

परवा कॉर्नरबॅक (पास अडवणारा बचावपटू) मान वळवून चेंडूकडे बघत होता, हात वर नेला आणि रिसीव्हरच्या (पास झेलणाऱ्याच्या) खांद्यावर आदळला. पंचांचा पिवळा रुमाल (फाउलची खूण) पडलाच नाही! दोघंही चेंडूसाठीच झेपावले असतील तर धक्का माफ असतो का? आणि पास झेलण्यापलीकडचा होता, हे पंच कशावरून ठरवतात? जानेवारी 2019 च्या रॅम्स-सेंट्स सामन्यात पंचांनी न दिलेला हाच फाउल लेकाच्या मनातून अजून जात नाही, त्याला नीट समजावायचंय. जाणकारांनी कृपया सांगा.